लुई ब्रेल आणि उलटी लेखणी

लुई ब्रेलचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी पॅरिसजवळच्या कूव्रे या गावी झाला. वडील घोड्यांची खोगिरे व लगाम बनवीत. तीन वर्षांचा लुई चामडे टोचायच्या आरीशी खेळत असता ती त्याच्या डोळ्यात घुसली. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यालाही बाधा झाली आणि पाचव्या वर्षापर्यंत त्याची दृष्टी पार गेली.

१८१९ मध्ये तो पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला. तेथे उठावाच्या रोमन अक्षरांची जाडजूड पुस्तके होती. मुले एकेक अक्षर चाचपत वाचीत. पण लिहिण्याचे काय? तसली अक्षरे छापखान्यातच उठत. मला खरे परावलंबन येथे दिसते. ज्याला स्वतःची नोंद लिहिता येत नाही त्याचा हिशेब दुसऱ्याच्या हाती, हे आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

१८२१ मध्ये शार्ल बार्बिये या माजी लष्करी अधिकाऱ्याची ठिपक्यांची लिपी शाळेत आली. एका चिन्हात बारापर्यंत ठिपके. ते बोटाखाली एकदम मावत ना. शिवाय ती फक्त उच्चार दाखवी. लुईने सारे सहा ठिपक्यांत बसविले, तेही पंधराव्या वर्षी! वडिलांच्या आरीनेच त्याने लिपी शोधली ही गोष्ट मात्र मला रंगवलेली वाटते. खाचांची पाटी व टोचणी मुळात बार्बियेची. लुईने ती आपल्या लिपीला जुळवून घेतली. १८२९ च्या आपल्या पुस्तकात त्याने बार्बियेचे ऋण मानलेही आहे.

पाटीत कागद अडकवून टोचले की ठिपका मागच्या बाजूला उमटतो. म्हणून लिहायचे उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर उलटे. कागद पालटून मग सरळ वाचायचे. दाभणाने जाड कागदावर माझे नाव असे टोचायला मला अर्धा तास लागला.

पुढे लुई त्याच शाळेत शिक्षक झाला. तरी १८४० नंतर काही वर्षे शाळेनेच त्याच्या लिपीवर बंदी घातली. मुले ती चोरून लिहीत. ६ जानेवारी १८५२ रोजी तो क्षयाने वारला. अधिकृत मान्यता आली १८५४ मध्ये.

भारतात १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली. तिच्यात मराठी 'क' आणि कन्नड 'क' यांना तेच दोन ठिपके आहेत. आमच्या या अंकाचे दोन्ही विभाग ब्रेलमध्ये उतरविले, तर भाषा दोन राहतील, लिपी एकच.