दुकानाचा फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचा का? लक्ष्मणराव किर्लोस्करांकडून शिकूया



जळगावचं गोलाणी मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, छोट्या दुकानांत एक गोष्ट मला सारखी दिसते. दुकानात दोन-तीन पोरं कामाला असतात, पण पेमेंटचा फोन शेठच्या खिशात, व्हॉट्सॲपच्या ऑर्डरी शेठच्या नंबरवर आणि उधारी शेठच्या डोक्यात. शेठ जेवायला घरी गेले की गिऱ्हाईक ताटकळतं. शेठला ताप आला की शटर खाली.

आता तुमच्यापैकी बरेच जण स्वतःचं काहीतरी सुरू करताय. कुणी इन्स्टाग्रामवर कपडे विकतंय, कुणी मोबाईल रिपेअरिंग करतंय, कुणी केळीचे वेफर्स पॅक करून पाठवतंय. पहिले सहा महिने सगळं एकट्याने जमतं. मग ऑर्डरी वाढतात आणि प्रश्न उभा राहतो : दुसऱ्याच्या हातात काय द्यायचं आणि किती द्यायचं?

यासाठी फोनमध्ये कोणती फीचर्स आहेत ते या लेखात सांगणारच आहे. पण त्याआधी एका माणसाची ओळख करून देतो. हा प्रश्न त्याने शंभर वर्षांपूर्वी सोडवला होता, तेही फोन हातात नसताना.

नाव माहीत आहे, माणूस माहीत आहे का?

खानदेशात शेतीशी संबंध असलेल्या कुणालाही किर्लोस्कर म्हटलं की विहिरीवरचा पंप आठवतो. त्या नावामागचे मूळ पुरुष म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी.

त्यांना चित्रकार व्हायचं होतं. त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराला रंगच कळले नाहीत तर पुढे काय? त्यांनी रंग सोडले, रेषा धरली. यंत्रांची ड्रॉइंग काढायला शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तेच शिकवू लागले.

नोकरी चांगली होती. पण हक्काची बढती आली तेव्हा ती दुसऱ्याला, एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. काम येत असूनही आपल्यावर जबाबदारी टाकली जात नाही, हे काय असतं ते त्यांनी स्वतः भोगलं होतं. पुढे मालक झाल्यावर ते माणसं कशी निवडत होते हे वाचताना मला ही गोष्ट नेहमी आठवते.

पहिला भागीदार : भाऊ

नोकरी सोडण्याच्या आधीच, १८८८ साली, त्यांनी मोठे भाऊ रामूअण्णा यांच्यासोबत बेळगावात सायकलचं दुकान काढलं होतं. लक्ष्मणराव मुंबईत आणि दुकान बेळगावात. सायकली घेऊन पाठवायच्या मुंबईहून, विकायच्या बेळगावात. गिऱ्हाइकाला सायकल चालवायला शिकवणं हेसुद्धा रामूअण्णांकडेच.

विचार करा, तेव्हा ना व्हिडिओ कॉल, ना दुकानात सीसीटीव्ही. बेळगावात आज किती गल्ला झाला हे मुंबईत रोज रात्री बघायची सोय नव्हती. व्यवसाय सुरू झाला तोच विश्वासावर. एकाने खरेदी सांभाळायची, दुसऱ्याने विक्री.

पुढे दोघांनी शेतीच्या अवजारांकडे मोर्चा वळवला. आधी कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. नांगर विकणं महाकठीण गेलं. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. वस्तू चांगली असून गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही, हा अनुभवही या भावांनी घेतला.

माळरानावर कारखाना

बेळगावात जम बसत होता, तेवढ्यात नगरपालिकेला त्यांची जागा हवी झाली. कारखाना हलवायची वेळ आली. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी मदतीचा हात दिला. कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ ३२ एकर जमीन आणि वर कर्ज. जमीन कसली, निवडुंगाने भरलेलं माळरान! सापही भरपूर. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. ही वाडी आज सांगली जिल्ह्यात आहे.

लेखाचा खरा मुद्दा इथे सुरू होतो. माळरानावर फक्त कारखाना उभारून भागणार नव्हतं. कामगारांना घरं हवीत, पाणी हवं, हिशोब हवा, विक्री हवी, रात्रीची राखण हवी. एक माणूस हे सगळं करू शकत नाही. मग लक्ष्मणरावांनी काय केलं? कामं वाटून दिली.

- वस्तीची आखणी आणि कारभार : रामूअण्णा
- कारखान्यातलं इंजिनिअरिंग : शंभूराव जांभेकर
- व्यवस्थापन आणि पडेल ते काम : के. के. कुलकर्णी
- कारकुनी आणि हिशोब : मंगेशराव रेगे

या यादीत अजून एक नाव आहे, अनंतराव फळणीकर. शाळा अर्धवट सोडलेला मुलगा. आज नोकरीचा फॉर्म भरताना शिक्षणाच्या रकान्यातच तो अडकला असता. पण किर्लोस्करवाडीत त्याच्यातला कारागीर फुलला आणि तो कल्पक इंजिनिअर म्हणून ओळखला गेला. लक्ष्मणरावांनी कागद बघितला नाही, हात बघितला.

आणि आता सगळ्यात धाडसाचा निर्णय. वाडीवर रात्रीची राखण कुणाकडे दिली असेल? तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांकडे! तुकाराम आणि पिऱ्या अशी त्यांच्यातल्या दोघांची नावं. परिसरात दरोडेखोर म्हणून त्यांचा धाक होता. हीच माणसं पुढे वाडीचे भरवशाचे राखणदार झाली. अस्पृश्यतेलाही किर्लोस्करवाडीत बंदी होती. ज्या काळात माणसाची जात विचारून त्याला काम दिलं जायचं, त्या काळातली ही गोष्ट आहे.

मालकाने बाजूला व्हायचं कधी?

किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी १९२० साली रीतसर स्थापन झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे मासिक सुरू केलं. आजच्या भाषेत तो कंपनीचा कंटेंट विभाग म्हणा ना. सुरुवातीला मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत न्यायची हा हेतू होता, पण शंकररावांनी त्याचं महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक केलं. पुढे १९३० साली स्त्री आणि १९३४ साली मनोहर ही मासिकंही तिथूनच निघाली. नांगराच्या कारखान्यातून मासिकं! काम देताना मालकाने प्रत्येक पानावर बोट ठेवलं असतं, तर हे घडलं असतं असं मला वाटत नाही.

मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीमध्ये इंजिनिअरिंग शिकून १९२६ साली परत आला. हळूहळू सूत्रं त्याच्याकडे गेली. १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनचा आणि बंगळुरूत इलेक्ट्रिक मोटारींचा उद्योग सुरू झाला. म्हणजे आता कारखाने अशा गावांत होते, जिथे लक्ष्मणराव रोज चक्कर मारू शकत नव्हते. २६ सप्टेंबर १९५६ रोजी ते गेले तेव्हा धंदा थांबला नाही, कारण तो एका माणसाच्या डोक्यात साठवलेला नव्हता.

लक्ष्मणरावांना सूत्रं हळूहळू सोपवायला वेळ मिळाला. तो प्रत्येकाला मिळतोच असं नाही. यासाठी लांब जायला नको, आपल्या जळगाव जिल्ह्यातलं अमळनेर घ्या. १९४५ साली एम. एच. प्रेमजी यांनी तिथे वनस्पती तुपाची कंपनी काढली. तीच आजची विप्रो. १९६६ साली ते अचानक गेले आणि २१ वर्षांच्या अझीम प्रेमजींना अमेरिकेतलं शिक्षण सोडून परत यावं लागलं. धंदा दुसऱ्याच्या हातात जायची वेळ आपण ठरवत नाही. तयारी मात्र आपण करू शकतो.

आता तुमच्या फोनकडे वळूया

लक्ष्मणरावांच्या कामाच्या वाटणीत मला तीन गोष्टी दिसतात. एक, प्रत्येकाला पूर्ण काम दिलं, तुकडा नाही. दोन, प्रत्येकाची हद्द वेगळी होती. हिशोब रेगेंचा, इंजिनिअरिंग जांभेकरांचं. तीन, माणूस निवडताना त्याचा हात पाहिला. तिसरी गोष्ट कुठलंही ॲप करून देणार नाही. पहिल्या दोन गोष्टींसाठी मात्र फोनमध्ये सोय आहे.

१. यूपीआय सर्कल. तुमच्या खात्यातून दुसऱ्याला पेमेंट करू देण्याची ही सोय २०२४ साली आली. दोन प्रकार आहेत. पहिल्यात तुम्ही मर्यादा ठरवून देता आणि समोरचा स्वतः पेमेंट करतो. यात महिन्याला जास्तीत जास्त १५,००० रुपये आणि एका वेळी ५,००० रुपये अशी मर्यादा आहे. दुसऱ्यात प्रत्येक पेमेंटची विनंती तुमच्या फोनवर येते आणि तुम्ही पिन टाकल्यावरच पैसे जातात. दुकानातला चहा, टेम्पोभाडं, पॅकिंगचं सामान यासाठी पहिला प्रकार पुरतो. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : स्वतःचा यूपीआय पिन किंवा ओटीपी कुणालाच सांगायचा नाही. पिन सांगणं म्हणजे विश्वास नव्हे, ती तिजोरीची किल्ली आहे.

२. व्हॉट्सॲप बिझनेस. मुख्य फोन तुमच्याकडे ठेवून अजून चार डिव्हाइस जोडता येतात. दुकानातल्या पोराला ऑर्डरी घेऊ द्या. मात्र जोडलेल्या डिव्हाइसवर चॅट दिसतात, म्हणून घरचा नंबर आणि दुकानाचा नंबर वेगळा ठेवा. कुणी काम सोडलं की लिंक्ड डिव्हाइसमध्ये जाऊन त्याचं डिव्हाइस काढून टाका.

३. गुगल बिझनेस प्रोफाइल. इथे मालक आणि मॅनेजर अशा वेगळ्या भूमिका आहेत. मॅनेजर दुकानाची वेळ बदलू शकतो, फोटो टाकू शकतो, रिव्ह्यूला उत्तर देऊ शकतो. प्रोफाइल काढून टाकणं किंवा नवीन माणसं जोडणं त्याला जमत नाही. पासवर्ड देण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

४. साउंडबॉक्स. हा तर सगळ्यांना माहीत आहे. पैसे आले की डबा बोलतो. पण त्याचा खरा फायदा बघा : पेमेंट आलं का हे विचारायला पोराला शेठकडे पळावं लागत नाही. गल्ल्यावर तो एकटा उभा राहू शकतो.

सुरुवात कुठून करायची?

उद्या सगळं सोपवायला जाऊ नका. एकच काम निवडा. समजा, व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी. ज्याला देताय त्याला नीट सांगा : कोणत्या मालावर किती सूट देता येईल, उधारी द्यायची की नाही, कुठली गोष्ट तुम्हाला विचारूनच करायची. मग पंधरा दिवस मध्ये पडू नका. रोज रात्री दहा मिनिटं दोघं बसा आणि दिवसाच्या ऑर्डरी एकदा बघा. छोटी चूक झाली तर शांतपणे समजावून सांगा, काम काढून घेऊ नका. पंधरा दिवसांनी घडी बसली असेल तर पुढचं काम द्या.

आणि तुम्ही मालक नसाल, दुकानात काम करणारे पोरगा-पोरगी असाल, तर ही फीचर्स शेठला दाखवायचं काम तुमचं. त्यांना ती माहीत नसण्याची शक्यताच जास्त. आज दुपारी गिऱ्हाईक कमी असेल तेव्हा साउंडबॉक्सपासून सुरुवात करा, ते सगळ्यात सोपं आहे.