काट्याला प्रश्न विचारणारे लिओनार्ड कॉकेन

न्यूझीलंडच्या उघड्या डोंगरउतारांवर माटागौरी नावाचे काटेरी झुडूप आढळते. वाटसरू त्याला टाळतात. कॉकेन यांनी मात्र ते मुद्दाम वाढवले.

लिओनार्ड कॉकेन यांचा जन्म १८५५ साली इंग्लंडात शेफील्डजवळ झाला. काही वर्षे ऑस्ट्रेलियात काढून १८८१ मध्ये ते न्यूझीलंडला आले व ओटागो प्रांतात शाळामास्तर झाले. पदवी जवळ नव्हती. पुढे वडिलोपार्जित पैशामुळे नोकरी सोडता आली आणि १८९२ मध्ये ख्राइस्टचर्चजवळ न्यू ब्रायटन येथे त्यांनी चक्क समुद्रकाठच्या वाळूत बाग केली.

वनस्पतींची वर्गवारी फुलांवरून, म्हणजे कुळावरून करण्याची रीत होती. कॉकेन यांचा प्रश्न निराळा होता. हे झाड या जागी तग कसे धरते? उशीसारखी जमिनीला चिकटलेली झाडे, लोकरी पानांची झाडे, बारीक फांद्यांचे जाळे विणणारी झुडपे: कुळे वेगळी असली तरी राहणी सारखी असू शकते, हे त्यांनी रानोरानी हिंडून पाहिले.

पण नुसते पाहून त्यांचे समाधान होईना. माटागौरीची रोपे त्यांनी सतत दमट हवेत वाढवली. काटे आलेच नाहीत, पानांच्या कोवळ्या फांद्याच वाढत राहिल्या! १९०५ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कामात हा साधा प्रयोगच सर्वांत मोलाचा.

म्युनिक विद्यापीठाने १९०३ मध्ये त्यांना मानद डॉक्टरेट दिली, १९१२ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले.

त्यांचे सगळेच म्हणणे टिकले असे नाही. जाळीदार झुडपांच्या पन्नासाहून अधिक जाती तेथे आहेत. वारा व कोरडी हवा हे त्याचे कारण, असे कॉकेन मानत. १९७७ मध्ये ग्रीनवूड व ॲटकिन्सन यांनी सुचवले की, नामशेष झालेल्या मोआ या प्रचंड पक्ष्याच्या चोचीपासून बचाव हेच कारण असावे. वाद अजून मिटलेला नाही. आपल्या मॉरिशस-रॉड्रिग्स बेटांवरही काही झाडांची लहानपणीची पाने मोठेपणीच्या पानांहून वेगळी असतात. तीही पूर्वीच्या महाकाय कासवांना चकवण्यासाठी, असे काही अभ्यासक म्हणतात.

उतारवयात कॉकेन यांनी वेलिंग्टनमध्ये ओटारी येथे केवळ देशी झाडांची बाग उभी केली. १९३४ साली त्यांचे निधन झाले. त्यांना त्याच बागेत पुरले आहे.