‘शिरोडकर टाका’ ज्यांच्या नावाचा, ते डॉ. शिरोडकर

गर्भवती बाईच्या फाइलवर ‘शिरोडकर स्टिच’ असं लिहिलेलं पाहून नातेवाईक कधीकधी विचारतात, हे डॉक्टर कुठे बसतात? बसायचे, तेही आपल्या चिंचपोकळीच्या शेजारीच. भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय आणि त्याला जोडलेलं ग्रँट मेडिकल कॉलेज ही त्यांची कर्मभूमी.

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ सालचा, गोव्यातल्या शिरोड्याचा. मुंबईत डॉक्टर झाल्यावर ते इंग्लंडला गेले, १९३१ मध्ये एफ.आर.सी.एस. करून परतले आणि पुढे ग्रँट मेडिकलमध्ये प्रसूती व स्त्रीरोग विभागाचे प्राध्यापक झाले.

त्यांच्यापुढे येणाऱ्या काही बायकांची गोष्ट एकसारखीच असे. दिवस राहतात, पहिले तीन महिने नीट जातात आणि चौथ्या ते सातव्या महिन्यात, फारशा कळा न येताच, बाळ निसटतं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. तेव्हाचा उपाय म्हणजे अंथरुणावर पडून राहणं आणि हार्मोनची इंजेक्शनं. घरात मात्र दोष बाईलाच लागे: जड उचललं असेल, जिने चढली असेल.

खरं कारण यांत्रिक होतं. गर्भाशयाचं तोंड नऊ महिने घट्ट मिटलेलं असावं लागतं. ते कमजोर असेल तर बाळाचं आणि पाण्याचं वजन वाढताच उघडतं. हा दोष डॉक्टरांना आधीपासून माहीत होता. १९५० मध्ये अमेरिकेतल्या लॅश आडनावाच्या दोन डॉक्टरांनी त्यावर शस्त्रक्रियाही सांगितली, पण ती दोन गर्भारपणांच्या मधल्या काळात करायची. शिरोडकरांनी गर्भ पोटात असतानाच तोंड बांधलं. बाईच्याच मांडीतल्या स्नायूवरच्या चिवट आवरणाची पट्टी घ्यायची, मूत्राशय थोडं वर सरकवायचं आणि आतल्या तोंडाच्या पातळीवर ती पट्टी गोल फिरवून बांधायची.

हे त्यांनी १९५५ मध्ये मद्रासच्या ‘अँटिसेप्टिक’ मासिकात छापलं. लेख जेमतेम दोन पानांचा, आणि मासिक काही विलायतेचं नावाजलेलं नव्हे. तरी ती शस्त्रक्रिया जगभर पोचली. १९५७ मध्ये मेलबर्नच्या डॉ. मॅकडोनाल्ड यांनी सोपी पद्धत सांगितली, ज्यात मूत्राशय सरकवावं लागत नाही. आज घातले जाणारे बरेचसे टाके खरं तर त्यांच्या पद्धतीचे असतात; आपण सगळ्यांनाच सवयीने शिरोडकर म्हणतो.

त्या दोन पानांतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट टाका नव्हे, निवड आहे. किमान चार वेळा गर्भ गेलेल्या आणि वारंवार तपासून तोंडाची कमजोरी दिसलेल्या बायकांपुरतंच त्यांनी हे काम ठेवलं होतं. पुढे १९९३ मध्ये जवळपास १३०० स्त्रियांवरच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीतही स्पष्ट फायदा दिसला तो तीन किंवा अधिक वेळा असं घडलेल्यांना. त्यामुळे नुसत्या भीतीपोटी टाका मागू नका. एकदाच, तेही तिसऱ्या महिन्याआधी गर्भ गेला असेल, तर कारण बहुधा वेगळं असतं. केवळ जुळी आहेत म्हणूनही टाका घालत नाहीत. सोनोग्राफीत गर्भाशयमुख आखूड होताना दिसलं आणि आधी असा गर्भ गेलेला असेल, तर मात्र विचार होतो.

शिरोडकरांनी बाकीही बरंच लिहिलं. तरुण बायकांचं अंग बाहेर येतं तेव्हा गर्भाशय न काढता ते पट्टीने वर टांगण्याची शस्त्रक्रिया त्यांची. बंद गर्भनलिका उघडण्यावरही त्यांनी काम केलं. १९६० मध्ये एडिंबरोहून त्यांचं पुस्तक निघालं, त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं. १९७१ मध्ये पद्मविभूषण जाहीर झालं आणि मार्चमध्ये ते गेले.

कर्करोगाचं क्षेत्र त्यांचं नव्हतं, तरी त्यांची कल्पना तिथे पोचली. गर्भाशयमुखाचा अगदी लहान, सुरुवातीचा कर्करोग असलेल्या आणि मूल हवं असलेल्या काही निवडक स्त्रियांमध्ये फक्त मुख काढून गर्भाशय राखता येतं. फ्रान्सच्या डॉ. दार्जां यांनी ही शस्त्रक्रिया १९९४ मध्ये मांडली. मुखच नाही, तर पुढे गर्भ थोपवायचा कशाने? उरलेल्या भागाभोवती कायमचा टाका घालून. अशा बाईचं बाळंतपण मग सिझेरियननेच होतं.

पूर्वी तुमच्या गर्भाशयमुखाचा तुकडा काढून तपासणी किंवा उपचार झाला असेल, तर गर्भारपणाच्या पहिल्याच भेटीत ते सांगा. जुने कागद सोबत न्या. नेहमीचा टाका छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात काढतात. त्याआधी कळा सुरू झाल्या, पाणी गेलं, रक्तस्राव झाला किंवा ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका. टाका असताना जोरदार कळा आल्या तर गर्भाशयाचं तोंड फाटू शकतं. दवाखान्यात शिरताच आधी सांगा, टाका घातलेला आहे.