प्रवरेचे थर वाचणारे डॉ. ह. धी. सांकलिया

नेवासे म्हटले की आपल्याला ज्ञानेश्वरी आणि पैसाचा खांब आठवतो. त्याच गावाजवळ प्रवरेने कापलेल्या दरडींत माणसाच्या वाटचालीची लाखो वर्षे थराथरांनी साठली आहेत. त्या दरडींकडे अभ्यासकांचे लक्ष वेधणारे डॉ. सांकलिया आपल्या जिल्ह्याचे नव्हते, भूशास्त्रज्ञही नव्हते.

हसमुख धीरजलाल सांकलिया यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत एका गुजराती कुटुंबात झाला. एम. ए. साठी फादर हेरास यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी नालंदा महाविहाराचा इतिहास अभ्यासला. १९३४ साली तो प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. बौद्ध विद्येच्या त्या महान केंद्रापासून ज्याच्या संशोधनाचा आरंभ झाला, त्याच्याविषयी आपल्याला विशेष आपुलकी वाटावी हे स्वाभाविक आहे. पुढे लंडनला पीएच. डी. करताना त्यांनी मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननात काम केले आणि १९३९ साली ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले.

गुजरातेत साबरमतीकाठी अश्मयुगीन हत्यारे शोधताना एक अडचण त्यांना जाणवली. दगडी हत्यारावर ना लेख असतो, ना राजाचे नाव. त्याचा काळ सांगतो तो भोवतीचा थर, आणि थर समजायचा तर तो कोणत्या हवामानात साचला हे कळले पाहिजे. म्हणून ग्रंथांत वाढलेल्या या इतिहासकाराने नदीचे गोटे आणि गाळ यांचा अभ्यास आरंभला. लंडनचे भूशास्त्रज्ञ झॉयनर यांनीही गुजरातेतील त्या थरांची पाहणी केली.

१९५० नंतर सांकलिया गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात आले. संगमनेरजवळच्या जोर्वे येथील उत्खननावरून एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला त्या गावाचे नाव मिळाले. परंतु त्यांचे मन रमले ते नेवाशात. १९५४ ते १९५६ या काळात तेथे उत्खनन झाले. गावाजवळच्या लाडमोड टेकाडात जुन्या वस्त्या होत्या, तर नदीच्या दरडीत त्याहून कितीतरी प्राचीन थर. तळाला काळा पाषाण, त्यावर चुन्याने घट्ट बांधलेल्या गोट्यांचा थर आणि त्यात काळ्या दगडाच्या हातकुऱ्हाडी, वर बारीक गाळ, पुन्हा गोटे, पण आता त्यांत गारगोटी-अकीकाच्या जातीच्या दगडांच्या लहान तासण्या, पुन्हा गाळ. या आवर्तनाचा अर्थ त्यांनी असा लावला की भरपूर पावसाच्या काळात जोरदार प्रवाहाने गोटे आणले आणि कोरड्या काळात मंद प्रवाहाने गाळ टाकला. १९६० साली या कामाचा विस्तृत अहवाल सहकाऱ्यांसह प्रसिद्ध झाला.

हे वाचन पुढे तसेच टिकले नाही, आणि त्याची फेरतपासणी झाली ती डेक्कन कॉलेजच्याच अंगणात. तेथील भूशास्त्रज्ञ शरद राजगुरू यांनी विश्वास काळे यांच्यासह १९८७ साली दख्खनच्या वायव्य भागातील नद्यांविषयी जवळजवळ उलट मत मांडले. पावसाळा क्षीण झाला की उतारावरील झाडोरा विरळ होतो, माती-दगड सुटून नदीत येतात, आणि दुबळ्या नदीला ते वाहून नेता येत नाहीत. म्हणून पात्र भरत जाते. पाऊस बळावला की नदी तेच भरलेले पात्र खोल कापते. थर तेच राहिले, त्यांतून निघणारा पावसाचा अर्थ बदलला. सांकलियांच्या कामाला यामुळे उणेपणा येतो असे मला वाटत नाही. कोणते हत्यार कोणत्या थरातून निघाले याची काटेकोर नोंद त्यांनी ठेवली होती, म्हणून तर त्या हत्यारांचा क्रम आजही उपयोगी पडतो.

चिरकी नाल्याकाठी १९६६ पासून गुद्रुन कोर्विनस या जर्मन विदुषीने केलेले उत्खनन नेवाशातील याच शोधाचा पुढचा टप्पा होय.

१९७४ साली सांकलियांना पद्मभूषण मिळाले. २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.