ज्योत, गंज आणि श्वास यांचे नाते उलगडणारे आंत्वान लाव्हाझिए

रायगडच्या किनाऱ्यावर, कुंडलिकेच्या मुखाशी उभ्या असलेल्या कोर्लई किल्ल्यातील लोखंडी तोफा खाऱ्या वाऱ्याने गंजत आहेत. कोकणात शिंपले भाजून केलेल्या चुन्याने बांधलेल्या जुन्या भिंती मात्र काळाबरोबर टणक होत गेल्या. वेदीवर मेणबत्ती तेवते आणि आपण श्वास घेतो. या चारही गोष्टी हवेवाचून घडत नाहीत. हवेचे हे कार्य तराजूने तोलून दाखविणाऱ्या शास्त्रज्ञाच्या जीवनाचा आपण परिचय करून घेऊ या.

आंत्वान लाव्हाझिए यांचा जन्म 26 ऑगस्ट 1743 रोजी पॅरिस येथे एका सधन कॅथोलिक कुटुंबात झाला. बालपणीच मातृछत्र हरपल्यामुळे मावशीने त्यांचे संगोपन केले. वडिलांच्या इच्छेनुसार ते कायदा शिकले. परंतु मन रमले विज्ञानात. 1768 साली, वयाच्या 25 व्या वर्षी, त्यांची फ्रान्सच्या विज्ञान अकादमीवर निवड झाली. त्याच वर्षी ते राजाच्या वतीने कर वसूल करणाऱ्या मक्तेदार संस्थेचे भागीदार झाले. 1771 मध्ये त्यांचा विवाह मारी-आन पॉल्झ यांच्याशी झाला. मारी-आन इंग्रजी ग्रंथांचे भाषांतर करीत, प्रयोगांची टिपणे ठेवीत व चित्रे काढीत.

त्या काळी असे मानले जाई की वस्तू जळताना तिच्यातून एक अग्नितत्त्व बाहेर पडते. मग जळाल्यावर गंधक व फॉस्फरस यांचे वजन वाढते कसे, असा प्रश्न लाव्हाझिए यांना 1772 मध्ये पडला. त्यांनी कथिल बंद पात्रात तापविले. पात्राचे एकूण वजन बदलले नाही. ते उघडताच मात्र बाहेरची हवा आत शिरली. म्हणजे धातूने आतील हवेचाच काही भाग घेतला होता. 1774 मध्ये इंग्लंडचे जोसेफ प्रीस्टली यांनी पॅरिस भेटीत आपल्याला सापडलेल्या नव्या वायूची माहिती त्यांना दिली. त्याच वायूला लाव्हाझिए यांनी पुढे ऑक्सिजन हे नाव दिले. प्रीस्टली यांना योग्य ते श्रेय मिळाले नाही, हा आक्षेप मात्र कायम राहिला.

चुनखडी भाजली असता एक वायू निघतो, हे स्कॉटलंडचे जोसेफ ब्लॅक यांनी 1750 च्या दशकात दाखविले होते. तो वायू कार्बन व ऑक्सिजन यांच्या संयोगाने बनतो, हे लाव्हाझिए यांनी सिद्ध केले. यालाच आपण कार्बन डायऑक्साईड म्हणतो. भट्टीत शिंपल्यातून तो निघून जातो आणि भिंतीतील ओला चुना हवेतून तो पुन्हा शोषून दगडासारखा होतो. 1782–83 च्या हिवाळ्यात लाप्लास यांच्यासह त्यांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवले. प्राण्याची उष्णता व त्याने सोडलेला कार्बन डायऑक्साईड यांची त्यांनी जळत्या कोळशाशी तुलना केली आणि श्वसन हे संथ ज्वलनच होय, असा निष्कर्ष काढला. 1789 मध्ये त्यांचा रसायनशास्त्रावरील पायाभूत ग्रंथ प्रसिद्ध झाला.

1788 च्या टंचाईत त्यांनी ब्लुआ नगरास धान्यखरेदीसाठी बिनव्याजी रक्कम दिली होती. तरीही करवसुलीवर त्यांचे ऐश्वर्य उभे होते आणि जनतेचा रोष निराधार नव्हता. क्रांतीच्या काळात, 1793 च्या नोव्हेंबरमध्ये, त्यांना अटक झाली. तंबाखूत पाणी मिसळून लोकांना फसविले, असाही आरोप ठेवण्यात आला. 8 मे 1794 रोजी एकाच दिवसात खटला चालवून 28 करवसुली भागीदारांचा गिलोटीनखाली शिरच्छेद करण्यात आला. त्यांत लाव्हाझिए होते व त्यांचे सासरेही होते. एकाच दिवशी पती व पिता गमावलेल्या मारी-आन यांनी पुढे पतीचे अपूर्ण राहिलेले लेखन प्रसिद्ध केले.

गर्दीच्या सभागृहांतील व रुग्णालयांतील हवा कशी बिघडते, याचाही लाव्हाझिए यांनी अभ्यास केला होता. म्हणूनच दारे-खिडक्या लावून खोलीत शेगडी पेटवू नये आणि जुन्या, बंदिस्त विहिरीत हवेची खात्री केल्यावाचून कोणी उतरू नये. ज्या हवेत कार्बन डायऑक्साईड साचला आहे तिला रंग नसतो आणि वासही नसतो.