रुग्णाला व्यवसाय विचारणारे वैद्य

कंबर किंवा गुडघा दुखतो म्हणून आलेल्या रुग्णाला तो कोणते काम करतो हे विचारायलाच हवे, असा आग्रह तीनशे वर्षांपूर्वी धरला तो बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्यांनी. व्यवसायजन्य आजारांच्या शास्त्राचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

रामाझिनी यांचा जन्म १६३३ मध्ये उत्तर इटलीतील कार्पी येथे झाला. १६५९ मध्ये पार्मा विद्यापीठातून ते वैद्यकाचे पदवीधर झाले. पुढे मोदेना शहरात रुग्ण तपासता तपासता १६८२ पासून ते तेथील विद्यापीठात शिकवू लागले. त्यांच्या घरचा शौचकूप उपसणारा एक मजूर अतिशय घाईने काम उरकत होता. रामाझिनींनी कारण विचारले. आत जास्त वेळ थांबले तर डोळे जातात, असे त्याने सांगितले. रामाझिनींनी शोध घेतला, तेव्हा हे काम करणाऱ्या अनेकांची दृष्टी खरोखरच बिघडलेली आढळली.

मग ते कुंभार, विणकर, खाणकामगार यांच्या कामाच्या जागी जाऊन पाहू लागले. या निरीक्षणांवरचा त्यांचा लॅटिन ग्रंथ १७०० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चाळीसहून अधिक व्यवसायांचे आजार आहेत. शेतकऱ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. आजारांची दोन मुख्य कारणे त्यांनी मांडली. एक, हाताळावे लागणारे घातक पदार्थ. दुसरे, शरीराची अवघडलेली ठेवण आणि अतिरेकी हालचाली. त्याच वर्षी ते पादुआ विद्यापीठात प्राध्यापक झाले. उतारवयात दृष्टी मंदावली, तरी १७१३ मध्ये त्यांनी ग्रंथाची वाढीव आवृत्ती काढली. १७१४ मध्ये पादुआ येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी सांगितलेले दुसरे कारण वाशिम जिल्ह्यातील शिवारात आजही दिसते. सोयाबीन सोंगताना मजूर तासन्‌तास कमरेत वाकलेले असतात. पाठीचे स्नायू थकले की भार मणक्यांमधील चकती आणि अस्थिबंधांवर येतो. निंदणीत उकिडवे बसून गुडघ्यांवर ताण पडतो, फवारणीत भरलेला पंप खांदे आणि पाठ ओढतो. सोंगणी उक्ती घेतली असेल तर मध्ये थांबणे परवडत नाही. घाई इथेही पोटासाठीच असते.

त्यामुळे अधूनमधून ताठ उभे राहणे, कामांची अदलाबदल करणे, पोते दोघांनी उचलणे, विळ्याला धार ठेवणे, हे उपाय मजुरांइतकेच काम देणाऱ्यानेही पाळायचे आहेत. पायात मुंग्या किंवा बधिरपणा आला, पायातली ताकद कमी झाली तर डॉक्टरांना दाखवावे. लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी. नुसती वेदनाशामक गोळी घेऊन पुन्हा वाफ्यात उतरू नये. आणि डॉक्टरांनी विचारले नाही, तरी आपण शेतात कोणते काम करतो हे रुग्णाने स्वतःहून सांगावे.