ओरखड्याची मोजपट्टी देणारे मोस

सह्याद्रीच्या काळ्या दगडातील पोकळ्यांत कॅल्साइट आणि गारगोटी ही दोन्ही खनिजे सापडतात. दोन्ही पांढुरकी, चमकदार. नुसते पाहून मुलांना फरक सांगता येत नाही. पण पोलादी खिळा ओढला, की कॅल्साइटवर ओरखडा उठतो, गारगोटीवर उठत नाही. खाणकामगारांना जुन्या काळापासून ठाऊक असलेल्या या युक्तीला शिस्त लावली फ्रीडरिश मोस यांनी.

मोस यांचा जन्म २९ जानेवारी १७७३ रोजी जर्मनीतील गेर्नरोड येथे झाला. हाले विद्यापीठानंतर ते फ्रायबर्गच्या खाणकाम अकादमीत अब्राहम वेर्नर यांचे विद्यार्थी झाले. रंग, चमक, कठिनता अशा बाह्य लक्षणांवरून खनिज ओळखायला वेर्नर शिकवत. पुढे व्हिएन्नातील एका बँकमालकाच्या खनिजसंग्रहाची सूची करण्याचे काम मोस यांच्याकडे आले. असंख्य नमुने हाताळताना ‘मऊ’ आणि ‘कठीण’ हे शब्द किती अपुरे आहेत, याची त्यांना कल्पना आली असावी.

ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे शिकवत असताना, १८१२ मध्ये त्यांनी दहा खनिजांची श्रेणी मांडली: शंखजिरे, जिप्सम, कॅल्साइट, फ्लोराइट, ॲपेटाइट, फेल्डस्पार, गारगोटी, पुष्कराज, कुरुंद आणि हिरा. वरच्या क्रमांकाचे खनिज खालच्यावर ओरखडा काढते. नखाची कठिनता दोनहून थोडी अधिक, तांब्याची सुमारे तीन, काचेची साडेपाच. त्यामुळे घरातल्या वस्तूही चाचणीला चालतात. उठलेली रेघ मात्र बोटाने पुसून पाहावी. पुसली गेली तर तो ओरखडा नव्हे. ही श्रेणी केवळ क्रम सांगते, प्रमाण नाही. हिरा कुरुंदाच्या एकच पायरी वर असला, तरी प्रत्यक्षात कित्येक पटींनी कठीण असतो.

दातांवरील एनॅमल ॲपेटाइट गटातील खनिजाचे, म्हणजे कठिनता सुमारे पाच. वाळूत बहुतांशी गारगोटी असते आणि तिची कठिनता सात. म्हणूनच वाळूचे कण असलेल्या भुकटीने घासल्यास दात झिजतात.

वेर्नर यांच्या निधनानंतर १८१८ मध्ये मोस यांना फ्रायबर्ग येथे गुरूंची जागा मिळाली आणि १८२६ मध्ये ते व्हिएन्नाला प्राध्यापक झाले. वनस्पती आणि प्राण्यांप्रमाणे खनिजांचेही बाह्य गुणधर्मांवरून वर्गीकरण करावे, हा त्यांचा आग्रह होता. बर्झेलियस यांच्यासारखे रसायनशास्त्रज्ञ मात्र रासायनिक घटनेला महत्त्व देत होते आणि पुढे तीच पद्धत रुजली. इटलीतील आगोर्दो येथे प्रवासात असताना २९ सप्टेंबर १८३९ रोजी मोस यांचे निधन झाले.

त्यांनी मोठ्या कष्टाने रचलेले वर्गीकरण मागे पडले. ओळखीला मदत म्हणून केलेली श्रेणी मात्र आजही वर्गात वापरली जाते. मुलांसाठीच्या संचात हिरा वगळून बहुधा नऊच खनिजे असतात. शिकायला तेवढी पुरतात.